त्रयस्थ

उर्सुला टीचरनं ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आपल्या पाकिटात आलंय. मधली सुट्टी होती. स्टाफरूममध्ये पंखा घरघरत होता, समोर सातवीच्या निबंधांच्या वह्या पडल्या होत्या, आणि शिपायानं आणून दिलेल्या त्या कागदावर लिहिलं होतं, 'आपण मागणी केलेली माहिती ही त्रयस्थ व्यक्तीच्या वैयक्तिक स्वरूपाची असून तिचा व्यापक जनहिताशी संबंध नसल्याने ती देता येत नाही.'

तिनं वाक्य पुन्हा वाचलं. आयुष्यभर मराठी शिकवत आल्यामुळे शब्द फोडून बघायची खोड होती. माहिती मागणारी उर्सुला एक, माहिती ठेवणारं कार्यालय दुसरं. आणि तिसरा, ज्याचं तिच्याशी काही घेणंदेणं नाही असा, तो म्हणजे फ्रेडरिक. तिचा नवरा. ज्याचे शर्ट अजून कपाटात तसेच टांगलेले होते.

निबंध तपासायचं लाल पेन हातातच होतं. तिनं 'त्रयस्थ' या शब्दाखाली रेघ ओढली. मग घंटा झाली आणि ती वर्गावर गेली.

फ्रेडरिक ट्रम्पेट वाजवायचा. घरची केळीची बाग होती, दिवसभर तो तिच्यात राबायचा. पण लग्नसराई आली की संध्याकाळी पांढरा कोट चढवून बँडबरोबर निघायचा. राजोडीपासून इकडे आगाशीपर्यंत कुठल्या घरच्या नवरीला त्यानं वाजवत चर्चपर्यंत नेलं नव्हतं, हे शोधूनच काढावं लागलं असतं. गेल्या मे महिन्यात अशाच एका लग्नाहून तो पायी घरी येत होता. दुपारी अवकाळी पाऊस कोसळून गेला होता. किराणा दुकानाच्या वळणावर रस्ता खोलगट आहे, तिथं घोटाभर पाणी साचलेलं. कडेकडेनं जाताना तोल सावरायला त्यानं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावला आणि तो तिथंच चिकटला. दुकानदारानं बांबूनं त्याला बाजूला ढकललं, रिक्षात घालून इस्पितळात नेलं. उपयोग झाला नाही.

हे सगळं उर्सुलानं सोसलं असतं. माणसं जातात. पण दफनविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'मद्यधुंद बँडवादकाचा विजेच्या धक्क्याने मृत्यू. खांबावर चढण्याचा प्रयत्न केल्याचा प्राथमिक अंदाज.' अंदाज कुणाचा, तर महापालिकेच्या दिवाबत्ती विभागातल्या एका अधिकाऱ्याचा, ज्यानं आपलं नाव सांगितलं नव्हतं.

लग्नात दोन घोट घेणं गावात कुणी पाप मानत नाही. पेपरात छापून आलं की मात्र तेच पाप होतं. शाळेत पोरं ती आली की गप्प व्हायला लागली. दुकानात बाया हळहळायच्या, पण त्यांच्या हळहळीत एक 'पण' असायचा. सगळ्यात जास्त टोचायचं ते हे, की उर्सुलाला खात्री होती. तीन वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली तेव्हा त्यानं घरच्या अल्तारासमोर, येशूच्या क्रुसाखाली उभं राहून दारू सोडल्याचा शब्द दिला होता. भेटेल त्याला ती सांगत सुटली, "त्यानं सोडली होती. एक थेंबसुद्धा घेत नव्हता तो."

आणि एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. आठवडा उलटायच्या आत त्या वळणावर नवाकोरा खांब उभा राहिला होता. जो विभाग बल्ब बदलायला महिनेच्या महिने घेतो, त्यानं जुन्या खांबात काही दोष नसताना इतकी घाई कशाला केली असती? चौकशी झाली होती, एवढं तिला कळलं होतं. चौकशीत काय निघालं ते कुणी सांगायला तयार नव्हतं. म्हणून पावसाळा सरल्यावर तिनं त्याच विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला.

अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या माणसानं कागद वरखाली केला होता. "बाई, कशासाठी पाहिजे ते लिहिलंच नाही तुम्ही."

"नाही लिहिलं."

"लिहा ना मग. कारण लागतं."

"लागत नाही," उर्सुला म्हणाली. "कायद्यात स्पष्ट आहे. अर्जदाराला कारण विचारायचं नाही."

"अहो, आम्हाला साहेब विचारतात."

"मग साहेबांना सांगा, बाईंनी सांगितलं नाही. आणि मला पोच द्या."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. त्या माणसानं इतक्या जोरात शिक्का मारला की टेबलावरचा चहाचा कप हलला. पण पोच दिली.

त्या अर्जाचं हे उत्तर होतं. त्रयस्थ.

त्याच संध्याकाळी ब्रिटनी आली. लेक लग्न होऊन वसईत एव्हरशाईन सिटीत राहत होती, बँकेत कामाला होती. बरोबर स्टीवन होता, फ्रेडरिकचा धाकटा भाऊ. स्टीवनचं एका पक्षात उठणंबसणं होतं; येत्या निवडणुकीत प्रभागातून त्याला तिकीट मिळणार असं दोन वर्षं गाव ऐकत होतं. दोघं एकत्र आले म्हणजे ठरवून आले, हे उर्सुलानं ओळखलं. तिनं चहा टाकला.

"वहिनी," स्टीवननं सुरुवात केली, "अर्जबिर्ज दिलास म्हणे. मला ऑफिसातून फोन आला."

"तुला का यावा फोन?"

"माणसं ओळखीची आहेत. ती वाईट नाहीत गं. साहेब म्हणाले, तुमच्या घरचंच आहे, जरा समजवा. उद्या मला याच लोकांकडून गावाची कामं करून घ्यायचीत."

"मग घे ना. माझ्या अर्जानं तुझी कामं कशी अडतात?"

ब्रिटनी मध्ये पडली. "मम्मी, प्लीज. पप्पा गेले. आता ते परत उकरून कशाला काढायचं? माझ्या सासरी अजून कुणी विषय काढत नाही, एवढे ते चांगले आहेत. त्या रिपोर्टमध्ये काही भलतंच लिहिलेलं निघालं तर?"

"काय भलतं?"

ब्रिटनीनं स्टीवनकडे पाहिलं. मग स्टीवननंच तोंड उघडलं.

"तो प्यायला होता, वहिनी. पेपरवाल्यांनी मीठमसाला लावला, पण तो प्यायला होता. लग्नात मी त्याच्या शेजारीच होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या इंजिनीअरनं मला विचारलं आणि मी हो म्हणालो. मी कशाला खोटं बोलू?"

चहा उतू गेला. उर्सुलानं गॅस बंद केला. तिला फ्रेडरिकचा राग आला, स्टीवनचा त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण इतके महिने ती गावभर छातीठोकपणे सांगत हिंडली होती.

"आणि चढला होता? खांबावर?" तिनं वळून विचारलं.

"ते मला नाही माहीत. मी मागं थांबलो होतो."

"म्हणजे ते कुणीच बघितलं नाही. तरी छापून आलं." तिनं फडक्यानं ओटा पुसला. "मग तर मला तो रिपोर्ट पाहिजेच."

"कशाला, वहिनी? आता तर कळलं ना तुला?"

"तुझ्या तोंडून अर्धं कळलं. उरलेलं त्यांच्याकडे आहे. जे असेल ते असू दे, माझं तोंड पोळलं तरी चालेल. पण काय झालं ते मला कळायलाच हवं. ते त्यांच्या कपाटात आणि मी इथं अंदाज करत बसलेली, हे मी चालवून घेणार नाही."

स्टीवन चहा न घेता गेला. ब्रिटनी राहिली.

उर्सुलानं अपील केलं. सुनावणीची तारीख आली ती नाताळच्या तयारीच्या दिवसांत. शाळेतून अर्धी रजा टाकून ती निघाली, तर फाटकाशी जयवंती उभी. जयवंतीची वाडी उर्सुलाच्या वाडीला लागूनच; मोगऱ्याची आणि भाजीची. एकीकडे तुळशीवृंदावन, दुसरीकडे क्रूस, मध्ये नुसतं शेवग्याचं कुंपण, असा त्यांचा पिढ्यांचा शेजार.

"एकट्या नाही जायचं टीचर," ती म्हणाली. "मी येते. मला बोलता येत नाही तिथं, पण बसता येतं."

सुनावणीच्या खोलीत टेबलापलीकडे अपिलीय अधिकारी बसल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, कंटाळलेल्या बाई. बाजूला माहिती अधिकारी चुरी. गुरुदत्त चुरी इथलाच, पलीकडच्या गावचा. त्याच्या बहिणीला उर्सुलानं शिकवलं होतं. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"मॅडम," चुरीनं सांगितलं, "माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे, मयत व्यक्तीचे वैद्यकीय तपशील आहेत, म्हणून नाकारली. शिवाय सध्या ती फाईल सापडत नाहीये. ऑफिस या मजल्यावर हलवलं तेव्हा गठ्ठे इकडचे तिकडे झाले."

अधिकारी बाईंनी उर्सुलाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

उर्सुला उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, पण वर्गात बसून बोलायची सवय नव्हती तिला.

"मला एवढंच विचारायचंय. फाईल सापडत नाही, तर ती वैयक्तिक आहे हे यांनी काय वाचून ठरवलं?"

अधिकारी बाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"आणि वाचून ठरवलं असेल," उर्सुला पुढं म्हणाली, "तर या पत्रावर तारीख आहे, ऑफिस हलवल्यानंतरची. म्हणजे तेव्हा फाईल होती. मग त्यानंतर ती हरवली असेल तर सरकारी फाईल हरवल्याची पोलिसात तक्रार करायला हवी. यांना वेळ नसेल तर मी जाते. येताना पोलीस ठाणं बघून ठेवलंय."

"तसं नाही टीचर..." चुरी म्हणाला.

"आणि मॅडम, तो त्रयस्थ नव्हता. मी त्याची बायको. तो मेला त्या खांबावरचा दिवा लोकांच्या पैशाचा होता. मी रोज त्या रस्त्यानं शाळेत जाते, माझी पोरं जातात. यात जनहित कसं नाही, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. मी समजून घ्यायला तयार आहे."

जयवंतीनं खुर्चीतल्या खुर्चीत मान डोलावली. अधिकारी बाईंनी पत्रावरची तारीख तपासली. मग त्यांनी चुरीला विचारलं, "फाईल शोधायला किती दिवस?"

"बघतो, मॅडम."

"बघू नका. शोधा. सात दिवसांत अर्जदारांना संपूर्ण फाईलची पाहणी करू द्या आणि मागतील त्या पानांच्या प्रमाणित प्रती द्या. नाही सापडली तर तक्रार कुणावर नोंदवायची तेही मला लिहून द्या."

फाईल चौथ्याच दिवशी सापडली. कुठं, ते कुणी सांगितलं नाही.

चुरीनं तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. पंखा तिच्याकडे वळवला. "पाणी मागवू का?" त्यानं विचारलं. तिनं नको म्हटलं आणि फाईलची दोरी सोडली.

सुरुवातीला घटनास्थळाचा पंचनामा होता. मग विद्युत निरीक्षकाचा अहवाल. तो तिनं शब्द न शब्द वाचला. खांबाच्या तळाशी जी वायर होती तिचं आवरण खरवडून तांबं उघडं पडलं होतं आणि ते लोखंडाला टेकत होतं. खांबाला अर्थिंग नव्हतंच. पाणी साचलं की अख्खा खांब जिवंत होत होता. 'खांबावर चढल्याची कोणतीही खूण अथवा साक्ष आढळून आली नाही,' असं निरीक्षकानं साध्या, सरळ वाक्यात लिहिलं होतं. ते वाक्य जून महिन्यापासून या फाईलमध्ये होतं. म्हणजे ती बाजारात मान खाली घालून चालत होती तेव्हाही ते इथंच होतं.

पुढं तक्रारींच्या नोंदी जोडलेल्या होत्या. दुकानाच्या वळणावरच्या खांबाला हात लावला की झिणझिण्या येतात. तक्रारदार जयवंती, राहणार अमुक. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही नोंदींपुढे एकाच हातानं लिहिलेलं, 'निकाली.' कुणी येऊन गेल्याची नोंद नव्हती. जयवंतीनं हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग रासायनिक तपासणीचं पान आलं. रक्तात मद्याचा अंश आढळला. प्रमाण फार नाही, पण आढळला. स्टीवननं सांगितलंच होतं. तरी छापील अक्षरांत, त्याच्या पूर्ण नावाखाली ते वाचताना तिला समोरचं दिसेनासं झालं. अल्तारासमोर त्यानं दिलेला शब्द आता या कार्यालयाच्या कपाटात खोटा पडून होता.

चुरी कधी शेजारी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. तो हळू आवाजात बोलला. "टीचर, एक सांगू? हे पान नका घेऊ. बाकीची सगळी प्रमाणित करून देतो, आत्ता देतो. निरीक्षकाचा अहवाल तुमच्या बाजूचा आहे. हे पान नसेल तर तुम्हाला कुणी काही म्हणू शकणार नाही. नकार लिहिताना माझ्या मनात वरच्यांची भीती होती, नाही म्हणत नाही. पण हेही होतं. माझ्या बहिणीच्या टीचर आहात तुम्ही."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. म्हणूनच ते जास्त अवघड होतं. एक पान सोडायचं. फ्रेडरिक स्वच्छ राहतो, ती खरी ठरते, ब्रिटनी सासरी मान वर करून बसते. कुणाला कधी कळणार होतं?

"चुरी," ती म्हणाली, "तुमच्या भावना मला समजल्या. पण कुठलं पान मी बघावं न् कुठलं नाही, हे तुम्ही ठरवलंत म्हणून तर मी इथवर आले. आता मी तेच करू? पहिल्यापासून शेवटपर्यंत द्या. एकही गाळू नका."

प्रती घेऊन ती बाहेर पडली, पण घरी गेली नाही. राजोडीच्या किनाऱ्यावर उतरली. सुरूच्या झाडांखाली मुंबईहून आलेली माणसं गाड्या लावून खात-पीत होती. ती त्यांच्यापासून लांब, वाळूवर बसली आणि मेलेल्या नवऱ्याशी मनसोक्त भांडली. मला का नाही सांगितलंस? मी काय खाल्लं असतं तुला? एक दिवस मोडला असता शब्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला असतास! भांडण एकतर्फी होतं, तरी ती त्यात हरली, कारण शेवटी तिला त्याचा गालांचे फुगे करून ट्रम्पेट वाजवतानाचा चेहराच आठवला. ती खूप रडली. एका पर्यटक बाईनं लांबून विचारलं, "आंटी, सब ठीक है?" उर्सुलानं हात हलवला आणि पदराला डोळे पुसले.

नाताळ झाला. निवडणुकीचे वारे वाहू लागले. गावच्या हॉलमध्ये एका रविवारी 'प्रभागाच्या समस्या' म्हणून सभा ठेवली गेली. स्टेजवर दिवाबत्ती विभागाचे दोन अभियंते, पाणीपुरवठ्याचे एक, आणि होऊ घातलेले उमेदवार. स्टीवन पांढऱ्या शर्टात, माईक त्याच्याच हातात. हॉल भरलेला होता. ब्रिटनी मागच्या रांगेत होती. आईनं फक्त 'ये' असा निरोप धाडला होता.

गटारं झाली, पाणी झालं. मग उर्सुला उठली आणि सरळ स्टेजकडे चालत गेली. स्टीवनला कळलं. तो खाली वाकून पुटपुटला, "वहिनी, आज नको. माझ्यासाठी."

"माईक दे, स्टीवन."

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की त्याला तो द्यावाच लागला.

"मी उर्सुला," ती म्हणाली, जणू तिला कुणी ओळखत नव्हतं. "माझा नवरा फ्रेडरिक दुकानाच्या वळणावर मेला. त्याची सरकारी चौकशी झाली. तिचा अहवाल मला देत नव्हते, तो मी घेतला. आता मी तो वाचणार आहे. सगळा. जे गैरसोयीचं आहे तेसुद्धा."

आणि तिनं वाचलं. धडा वाचावा तसं, सावकाश, स्वल्पविरामाला थांबून. उघडी वायर. नसलेलं अर्थिंग. तक्रारी. ती 'निकाली' हा शब्द वाचायची तेव्हा प्रत्येक वेळी मान वर करून स्टेजकडे बघायची. धाकटा अभियंता फोनमध्ये डोकं घालून बसला. मग तिनं पान उलटलं आणि रक्तात मद्य आढळल्याची ओळही त्याच आवाजात वाचली.

मागून कुणीतरी खुसखुसलं. "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं कुणाचं तरी ऐकू आलं.

उर्सुलानं कागद खाली केला.

"हो. प्यायला होता. मी तुम्हा सगळ्यांना सांगत होते की नव्हता. मी चूक होते. मला माहीत नव्हतं, आता माहीत झालंय, म्हणून तुम्हालाही सांगितलं. आता मला एक सांगा. सरकारी खांबाला हात लावायचा तर माणसानं शुद्धीवर असावं, असा नियम कुठं आहे? तो प्यायला नसता तर ती वायर झाकली गेली असती का? सुट्टी संपली की माझ्या शाळेची पोरं रोज तिथूनच जाणार होती. त्यांच्यातलं एखादं मेलं असतं तर तुम्ही पेपरात काय दिलं असतं, साहेब?"

थोरल्या अभियंत्यानं माईकसाठी हात पुढं केला. तिनं दिला नाही.

तेवढ्यात हॉलच्या मधोमध जयवंती उभी राहिली. जिला कार्यालयात बोलता येत नव्हतं, ती आता हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "तक्रारी मी केल्या होत्या! तिन्ही वेळा मी! एकदा तर म्हणाले, मावशी चप्पल घालत जा!"

मग सगळेच बोलायला लागले. आमच्या गल्लीतला खांब, शाळेमागचा खांब, बाजारातला विजेचा पेटारा जो कायम उघडा असतो. अभियंते मागच्या दारानं निघाले, तर दारातही माणसं होती. कुणी हात लावला नाही कुणाला, पण त्यांना उत्तरं द्यावी लागली. स्टीवन स्टेजच्या एका कोपऱ्यात उभा होता. त्यानं स्टेजवरून खाली उतरायचं ठरवायला बराच वेळ घेतला, पण उतरला. उर्सुलाजवळ येऊन एवढंच म्हणाला, "पोलिसात जाशील तेव्हा सांग. लग्नातून तो चालत निघाला, नीट चालत होता, हे मी लिहून देतो. ते मला कुणी विचारलंच नव्हतं." त्याचं तिकीट दुसऱ्याला गेलं. ते त्या रविवारमुळे की आधीच ठरलेलं, ते कुणाला माहीत नाही.

पोलीस ठाण्यात ते चौघं गेले, उर्सुला, जयवंती, स्टीवन आणि ब्रिटनी. ब्रिटनी नवऱ्यालाही सांगून आली होती. म्हणाली, "मी तिकडे सगळ्यांना काल वाचून दाखवला रिपोर्ट. सासूबाई म्हणाल्या, आधी का नाही आणलास?"

पोलीस निरीक्षकानं फाईल शांतपणे चाळली. माणूस सरळ वाटला. निष्काळजीपणाचा गुन्हा होतो, असं तो लगेच म्हणाला. मग रासायनिक तपासणीच्या पानावर त्यानं बोट ठेवलं.

"टीचर, तुमच्या तक्रारीला हे जोडू नका. समोरचा वकील यावरच सगळा खेळ करेल. त्यांना काढायचं तर काढू द्या कोर्टात. आपण आपल्या हातानं कशाला द्या?"

ब्रिटनीनं आईकडे पाहिलं. स्टीवननंही.

"साहेब," उर्सुला म्हणाली, "करू दे खेळ. पण या कागदासाठी मी तीन-चार महिने या लोकांशी भांडलेय. त्यांनी लपवला म्हणून भांडलेय. तो मी लपवणार नाही. जोडा."

निरीक्षकानं पान परत जागेवर ठेवलं आणि हवालदाराला हाक मारून तक्रार लिहून घ्यायला सांगितलं. हवालदारानं कॉम्प्युटर सुरू केला. "बोला बाई," तो म्हणाला, "मयताचं पूर्ण नाव?"

उर्सुलानं खुर्ची पुढं ओढली आणि फ्रेडरिकचं नाव सांगायला सुरुवात केली.